खड्ड्यातलं पाणी कुठे गेलं

आईला खडवलीला घर बांधायचं होतं ते मुख्यतः संडासासाठी. लग्न होऊन ती कोपरीतल्या चाळीत आली तेव्हापासून गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासात जात आलेली. एका दाराची कडी कायम तुटलेली, दुसऱ्याचा नळ कोरडा. बायकांनी पहाटे जाऊन यायचं, नाहीतर दुपारी, पुरुष कामावर गेल्यावर. लांब कुठे जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायचं, ही सवय तिनं मलाही लावली. तिला लघवीचा त्रास वारंवार व्हायचा आणि त्याचं कारण आम्हा दोघींनाही माहीत होतं. पुढे गुडघे गेले. उकिडवं बसणं जमेना, तेव्हा मी कमोडची प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. ती खोलीतच, ओट्यापासून हातभर अंतरावर ठेवावी लागे. आई तिच्यावर चादर टाकून ठेवायची. कुणी आलं की बोलता बोलता चादरीचं टोक नीट करायची.

"डोंबिवलीला ये माझ्याकडे," मी म्हणायचे.

"जावयाच्या घरी कायमची येऊन बसण्याइतकी मी अजून खचलेले नाही. आपली जागा आहे ना? दोन खोल्या बांध. संडास आतून, मोठा, भिंतीला धरायला दांडा असलेला. मग माझं मी बघते."

जागा होती. बाबांनी निवृत्त झाल्यावर एका वाडीच्या कडेला छोटा एनए प्लॉट घेतलेला. खडवली स्टेशनवरून रिक्षा करायची आणि पुढे थोडं चालायचं. घराचं काही ठरायच्या आधीच बाबा गेले. त्यानंतर आम्ही दोघी वर्षातून एकदा जाऊन गवत कापून घ्यायचो, एवढंच.

जमीन उतारावर. वरच्या अंगाला ठाण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचा बंगला, मध्ये आम्ही, आणि खालच्या अंगाला वाडीतलं पहिलं घर. तिथे एक काकी, त्यांचा मुलगा आणि सून राहत. काकींच्या अंगणात दगडांनी बांधलेली विहीर होती. मे महिन्यातही तिचा तळ दिसत नसे. आम्ही गेलो की काकी न विचारता कळशीभर पाणी आणून ठेवायच्या आणि आईला सांगायच्या, "पी ताई, फिरिजचं लाजेल असं हाय." आईचं आणि त्यांचं चांगलं जमलं. आई त्यांना वहिनी म्हणायला लागली.

गावातला कंत्राटदार म्हणाला, "त्यात काय एवढं? खड्डा मारू, विटा रचू, वर लादी. सगळ्यांचे असेच आहेत." मी डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. पावसाळ्यात कावीळ आणि टायफॉइडचे किती रिपोर्ट निघतात ते रोज बघते, म्हणून असेल, पण 'सगळ्यांचे असेच आहेत' हे मला पटेना. लॅबमधल्या मैत्रिणीची मुलगी कल्याणला इंजिनीअर म्हणून काम करायची. तिला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, आधी जमीन तपासू. संडासाच्या टाकीत घाण खाली बसते, पण वरचं पाणी शेवटी शोषखड्ड्यातून जमिनीतच मुरतं. तुमची जमीन ते मुरवून घेते का, आणि किती वेगानं, ते बघितल्याशिवाय मी आराखडा काढून देणार नाही."

पाऊस सरून भात कापणीला आलेलं, तेव्हा आम्ही गेलो. तिनं दोन मजूर लावून दोन खड्डे खणून घेतले, एक आमच्या जागेच्या खालच्या भागात, एक वरच्या कोपऱ्यात. दोन्हींच्या बाजू खरवडल्या, तळाशी थोडी खडी टाकली, आणि माती नीट भिजावी म्हणून काठोकाठ पाणी भरून ठेवलं. खरं मोजमाप दुसऱ्या दिवशी. आई त्या रात्री काकींकडेच राहिली. "कोपरीला जाऊन परत यायला माझ्या गुडघ्यांत जीव नाही," असं मला म्हणाली, पण तिला राहायचंच होतं. काकींच्या घरामागे, विहिरीच्या खालच्या अंगाला, सरकारी योजनेतला संडास होता. सकाळी मी पोचले तर आई मला त्याचंच कौतुक सांगत बसली.

खालच्या खड्ड्याकडे गेलो तर पाणी जसंच्या तसं. उलट वर आल्यासारखं. इंजिनीअर मुलीनं खुणा केलेली पट्टी आत उभी धरली, तासाभरानं पुन्हा बघितली.

"काकू, इथे नाही होणार," ती आईला म्हणाली. "चिकण काळी माती आहे आणि खालून ओल वर येतेय. इथे शोषखड्डा केलात तर पहिल्याच पावसात संडासातलं पाणी अंगणात येईल."

आईनं मान हलवली आणि वरच्या कोपऱ्याकडे चालू लागली. तिथे लाल मुरूम होता. वरचा खड्डा रिकामा होता, तळाची खडीसुद्धा सुकायला लागलेली. मुलीनं पुन्हा पाणी ओतायला लावलं. ते आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेलं, भोक पडलेल्या बादलीतून जावं तसं. पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं.

आईचा चेहरा असा उजळला की मला तिचा लग्नातला फोटो आठवला. "बघ!" ती म्हणाली. "देवानं कोपरा राखून ठेवलेला. इथेच करायचं."

मुलगी वाकून खड्ड्याच्या भिंतीवरून बोट फिरवत होती. मुरमात फटी होत्या, करंगळी जाईल एवढ्या.

"काकू, हे फार लवकर जातंय," ती शेवटी म्हणाली. "माती पाणी धरून ठेवते, गाळते, तेव्हा ते स्वच्छ होतं. इथे गाळायला काही नाहीच. फटीतून सरळ खाली. खाली म्हणजे कुठे, तेवढंच कळत नाहीये."

आम्ही तिघींनीही उताराकडे बघितलं. खाली काकींची सून विहिरीवर कपडे आपटत होती.

"मधे ती काळी माती आहे ना?" आई म्हणाली. "ती अडवेल."

"माती वर आहे. मुरूम तिच्याखालून गेलेला असेल तर पाणीही तिच्याखालून जाईल."

ते बघायचा एकच मार्ग तिच्याकडे होता. जमिनीतलं पाणी कुठून कुठे जातं ते शोधायला एक हिरवा रंग मिळतो. तो खड्ड्यात ओतायचा आणि विहिरीवर लक्ष ठेवायचं. रंग अपायकारक नाही, पण तेवढे दिवस विहिरीचं पाणी पिऊ नये, असं ती म्हणाली. मी म्हटलं, काकींना विचारल्याशिवाय हे करायचं नाही. आई म्हणाली, "मी विचारते." आणि काठी टेकत खाली गेली.

काकी हसल्याच. "टाका की! माझी विहीर कुठं जातेय? आजवर आटली नाय नि बाटली नाय." मग पिण्यापुरतं शाळेजवळच्या हापशाचं पाणी आणायला त्या तयार झाल्या. त्यांचा मुलगा जरा कुरकुरला, पण काकींपुढे बोलला नाही.

रंग ओतला त्यानंतर आई कोपरीत आणि मी डोंबिवलीत. आई रोज फोन करायची. "काही आलं नसेल ना गं? आलं असतं तर वहिनींनी कळवलं असतं." तिनं खोलीतली चादर टाकलेली खुर्ची कुणाला तरी द्यायचं बोलायला सुरुवात केली. मी नुसती हुं म्हणत राहिले.

फोन आला तो मला, लॅबमध्ये, गर्दीच्या वेळी. काकींचा मुलगा होता. "ताई, तुमी या. आईलाबी घेऊन या. पानी बघा येऊन."

इंजिनीअर मुलीला कल्याणहून सोबत घेऊन आम्ही तिघी गेलो. काकी पायरीवर बसलेल्या. शेजारी काचेचा पेला भरून उन्हात ठेवलेला. पाणी हिरवं म्हणावं असं नव्हतं, पण कडेला बारीक पोपटी झाक होती. विहिरीत डोकावलं तर ती झाक स्पष्ट दिसली, वरच्या बाजूच्या दगडांच्या सांध्यातून उतरलेली.

आई काकींच्या शेजारी पायरीवर बसली. तिला वाईट कशाचं वाटलं, घर गेलं त्याचं की पाण्याचं, हे मी तिला कधी विचारलं नाही. पण ती सावरून म्हणाली, "वहिनी, घाबरू नका. मी इथे काही करणार नाही. तुमच्या पाण्यात माझा संडास जाणार असेल तर मला घर नको."

काकींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्या वर बघत होत्या, आमच्या जागेच्याही वर, बंगल्याकडे. मग इंजिनीअर मुलीला त्यांनी विचारलं, "तुमचा रंग वरून हितं येतो. मग त्यांचं कुठं जातं?"

बंगला बांधून काही वर्षं झाली होती. शनिवार-रविवारी तिथे पाहुण्यांच्या गाड्या लागायच्या.

"बोल की गं बाय. शिकलेली हायेस ना?"

"त्यांची टाकी कशी आहे ते मला माहीत नाही, काकी," मुलगी म्हणाली. "पण मुरूम तोच आहे. त्यांचाही खड्डा असाच असेल, तर... येत असणार."

तेव्हा काकींची सून दारात आली होती. पंचविशीही नसेल तिची. आदल्या पावसाळ्यात ती गरोदर होती, हे आम्हाला माहीत होतं. मूल राहिलं नाही, एवढंही आईला कळलेलं. काय झालं ते काकींनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. सातव्या महिन्यात कावीळ झाली. आधी वाटलं अन्न बाधलं, मग गावठी औषध दिलं, मग कल्याणला हलवलं. सून वाचली. काकी हे सगळं सुनेकडे न बघता सांगत होत्या. "लोक म्हनले नजर लागली. मी बाहेरचं खायला दिलं म्हून हिचा नवरा हिला बोलला. मला बोलला. नि हिला मी रोज भरून देत होते ते हेच."

गरोदरपणात अशुद्ध पाण्यानं होणारी कावीळ काय करते ते मी काउंटरवर बसून ऐकलेलं आहे. तसे रिपोर्ट माझ्या हातून गेलेले आहेत. इंजिनीअर मुलीनं सांगितलं, की यावरून तसं ठरवता येत नाही, कावीळ कुठूनही होऊ शकते. ते खरंच होतं. पण त्या अंगणात ते ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. सून आत निघून गेली आणि आतून भांडी लावल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ, एवढी भांडी त्या घरात नव्हती.

आई म्हणाली, "मी बोलते बंगल्यावाल्यांशी." काठी घेऊन उठलीच. मी मागे गेले.

बंगल्याचे मालक सभ्य माणूस होते. आम्हाला व्हरांड्यात बसवलं, सरबत विचारलं. आईनं सगळं नीट सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचा चेहरा ताठर होत गेला.

"आमची टाकी रीतसर आहे," ते म्हणाले. "कंत्राटदारानं सगळं पास करून दिलंय."

"शोषखड्डा कुठे आहे?" मी विचारलं.

त्यांनी आंब्याच्या रोपापलीकडे हात केला. उताराच्या बाजूला.

"मग तिथेही रंग टाकून बघू या," आई म्हणाली. "नाही आला तर तुमच्यावरचा संशयच जाईल."

"आणि आला तर?" ते म्हणाले, आणि लगेच त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे बघा बाई, तुमची जागा आहे, तुम्ही काय हवं ते करा. माझ्या घरात असले प्रयोग नकोत. उद्या इथल्या प्लॉटना कुणी हात लावणार नाही. तुमचंच नुकसान आहे."

"साहेब, मीसुद्धा हेच करणार होते," आई म्हणाली. "खड्ड्यातलं पाणी पटकन गेलं तर मला आनंद झाला. मी तुमच्यापेक्षा शहाणी आहे म्हणून आलेले नाही. पण आता कळलंय ना आपल्याला?"

ते उभे राहिले. आम्हालाही उठावं लागलं.

काकींच्या मुलानं मग ग्रामपंचायतीत तक्रार दिली. विहिरीच्या पाण्याचे नमुने बाटल्यांतून नेले गेले. निकाल आला तो मी लॅबमध्ये बसून फोनवर ऐकला: पिण्यास अयोग्य. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं तसं लिहिलं गेलं. बंगल्याच्या टाकीची पाहणी व्हायची होती. ती आज होणार, उद्या होणार, असं चालू राहिलं. मालकांनी गेटला कुलूप लावलं ते महिनोन्‌महिने काढलं नाही. पुढे ऐकलं की बंगला विकायला काढलाय.

मला वाटलं होतं की काकी आमच्या बाजूनं असतील. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर त्या हापशावरून येत होत्या. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. चढावर थांबून त्यांनी दम घेतला. मी कळशी धरायला पुढे झाले तर त्यांनी कंबर वळवून घेतली.

"ऱ्हाऊ दे."

"वहिनी," आई म्हणाली.

"ताई, तुमी चांगल्या मनानं केलं. मला कळतं ते. पण माझ्या दारात पानी होतं. आता बघा. सुनेला हंडा उचलू देत नाय मी, डॉक्टर नको म्हनलाय. पोरगा कामावर. वर साहेबाचं घर तसंच हाय, टाकी तशीच हाय. बंद कुनाचं झालं? माझं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमी खड्डा खनला नसता तर निदान मला ठाऊक तरी नसतं."

मला उत्तर सुचलं होतं. तेच पाणी पीत राहिला असता तर पुढे काय झालं असतं, हे सांगायचं होतं. आईनं माझा दंड धरला, चांगला घट्ट. काकी घरात गेल्या. त्या दिवशी आमच्यासाठी पाणी कुणी आणलं नाही आणि आम्हीही मागितलं नाही.

परतताना आई रिक्षात म्हणाली, "ती बरोबर बोलली."

"आई, ती बरोबर नाही बोलली."

"तुझं डोकं म्हणतं ते बरोबर. पण हंडा तिच्या डोक्यावर आहे."

इंजिनीअर मुलगी नंतर एकदा कोपरीला आली होती. तिनं आईसाठी दुसरा मार्ग शोधलेला. जमिनीत काही न मुरवता बंद टाकी बांधायची आणि भरली की गाडी बोलावून उपसून घ्यायची. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पावसात गाडी तिथवर येईल?" मुलीनं खरं ते सांगितलं. शेवटच्या टप्प्याचा रस्ता पावसात चिखलाचा होतो, मोठी गाडी चढणार नाही. लांबून माती आणून, तिचे थर देऊन जमिनीवर उंच गाळणीचा चौथरा करता येईल, तेही तिनं कागदावर काढून दाखवलं. आईनं तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"हिरवा रंग यातून जाणार नाही, असं तू लिहून देशील मला?"

"नाही काकू. असं कुणीच लिहून देणार नाही."

"मग राहू दे," आई म्हणाली, आणि तिच्यासाठी पोहे करायला उठली.

आई शेवटी माझ्याकडे डोंबिवलीला आली, कायमची नाही असं दर आठवड्याला बजावत. संडासात मी भिंतीला स्टीलचा दांडा बसवून घेतला. ती पाणी पोटभर पिते आता, औषधं कमी झालीत. पण दारावर टकटक झाली की दचकते अजून. आतून ओरडते, "येतेय, येतेय, झालंच." घरात आम्ही तिघंच असतो. तिला घाई करणारं कुणी नसतं.

खडवलीला आम्ही यंदा दिवाळीनंतर गेलो. काकींनी स्वतः फोन करून बोलावलं, ते आमच्या जागेत वाल पेरू का, हे विचारायला. पडीकच ठेवताय तर, म्हणाल्या. आई लगेच हो म्हणाली. अंगणात आता नळ आलाय, सकाळी थोडा वेळ येतो, कधी येतच नाही. सून दिसली नाही. तिला पुन्हा दिवस गेलेत आणि काकींनी तिला पहिल्या महिन्यातच मुरबाडकडे माहेरी पाठवून दिलंय. "हितं ठेवायचा धीर नाय व्हत," त्या म्हणाल्या. मुलगा त्यावरून काकींशी नीट बोलत नाही. वरच्या बंगल्यात नवी माणसं आली आहेत. गच्चीवर रंगीत दिवे लावलेले होते आणि मुलं दंगा करत होती. त्यांना कुणी काही सांगितलंय का, हे मी विचारलं. कोण सांगणार, असा काकींनी हात हलवला.

विहिरीवर जाळी टाकलेली. कठड्यावरची लाल अक्षरं उन्हानं विटलेली, तरी वाचता येत होती. म्हैस धुवायला आणि भाजीला तेवढं पाणी त्या काढतात.

"पोरगा म्हनतो बुजवून टाकू. नुसती डोळ्यापुढं सलते," त्या आईला सांगत होत्या. "मी नाय म्हनते. पानी हाय तिला. पानी असताना कशी बुजवू?"

आईनं जाळीतून खाली बघितलं. मीही बघितलं. पाणी स्वच्छ, काळंशार दिसत होतं.

"वरची नवी माणसं कधी असतात इथे?" आईनं विचारलं. "आज आहेत ना?" मग ती माझ्याकडे वळली. "चल. मला धर जरा."